जॉन ट्रायकॉस: सात कसोटी, दोन देश आणि मधली बावीस वर्षं

ऑफकटर

ऑक्टोबर १९९२. दिवाळी तोंडावर आली होती, सहामाहीचे शेवटचे पेपर चालू होते. आमच्या घरी सकाळी वर्तमानपत्र आलं की शेवटचं पान आधी दादाच्या हातात जायचं. धावफलक कापायचा आणि शंभर पानी वहीत खळीने चिकटवायचा, हा त्याचा नेम. त्या दिवशी तो पान धरून बसला आणि बराच वेळ काही बोललाच नाही. भारताच्या डावात एक ओळ होती: तेंडुलकर, झेल व गोलंदाज ट्रायकॉस, ०.

हा ट्रायकॉस कोण, ते घरात कुणालाच सांगता येईना. नाव ना इंग्रज वाटत होतं ना आफ्रिकन. त्याच्याबद्दल मला पुढे तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. दर वेळी नवीन काही कळलं की वाटायचं, या माणसावर कुणीतरी मराठीत नीट लिहायला हवं. शेवटी आज मीच बसलो.

अथानासियोस जॉन ट्रायकॉस. जन्म १७ मे १९४७, इजिप्तमधल्या झगाझिग गावी. कुटुंब ग्रीक. तो तान्हा असतानाच घरचे ऱ्होडेशियाला, म्हणजे आजच्या झिंबाब्वेला, येऊन राहिले. मुलगा क्रिकेट खेळायला लागला, ऑफस्पिन टाकायला लागला आणि पुढे शिकायला दक्षिण आफ्रिकेत नाताळ विद्यापीठात गेला. ऱ्होडेशियाला तेव्हा स्वतःचा कसोटी संघ नव्हता. तिथले खेळाडू दक्षिण आफ्रिकेच्या करी कप स्पर्धेत उतरायचे आणि चमकले तर दक्षिण आफ्रिकेच्या संघात जायचे.

ट्रायकॉसला फेब्रुवारी १९७० मध्ये बोलावणं आलं. बिल लॉरीचा ऑस्ट्रेलियन संघ दौऱ्यावर होता. पदार्पणाची कसोटी डरबनला. संघात कोण होतं ते बघा: ग्रॅम पोलॉक, बॅरी रिचर्ड्स, एडी बार्लो, माइक प्रॉक्टर, आणि कर्णधार अली बाखर. त्या कसोटीत पोलॉकने २७४ केल्या, रिचर्ड्सने १४०, आणि ६२२ वर डाव घोषित झाला. मालिका दक्षिण आफ्रिकेने ४-० अशी जिंकली. ट्रायकॉस तीन कसोटी खेळला, चार बळी घेतले. बाविशीतला पोरगा, जगातल्या सगळ्यात जबरदस्त संघात. आता दहा वर्षं तरी याला मरण नाही, असंच कुणालाही वाटलं असतं.

१० मार्च १९७० ला पोर्ट एलिझाबेथची कसोटी संपली आणि दक्षिण आफ्रिकेसाठी क्रिकेटचं दार बंद झालं. वर्णद्वेषी राजवटीच्या संघाशी खेळायला जगाने नकार दिला. त्याच वर्षीचा इंग्लंड दौरा रद्द झाला, पुढचा ऑस्ट्रेलिया दौराही रद्द झाला. पुढची कसोटी खेळायला त्या देशाला १९९२ चा एप्रिल उजाडावा लागला.

ट्रायकॉस वकिलीचं शिक्षण घेतलेला माणूस. तो ऱ्होडेशियात परतला, पोटापाण्याचं काम बघू लागला आणि शनिवार-रविवार ऑफस्पिन टाकत राहिला. १९८० मध्ये देश स्वतंत्र झाला, नाव झिंबाब्वे झालं. दक्षिण आफ्रिकेच्या स्पर्धांशी असलेला संबंध तुटला. १९८१ मध्ये झिंबाब्वेला आयसीसीचं, म्हणजे क्रिकेटच्या जागतिक संघटनेचं, सहसदस्यत्व मिळालं. १९८२ मध्ये त्यांनी आयसीसी करंडक जिंकला आणि १९८३ च्या विश्वचषकात आले. ट्रायकॉस तेव्हा छत्तीस वर्षांचा होता.

तो १९८३ खेळला, १९८७ कर्णधार म्हणून खेळला, १९९२ खेळला. या तिन्ही विश्वचषकांत त्याच्या देशाला कसोटीचा दर्जा नव्हता. तो मिळाला जुलै १९९२ मध्ये. आणि १८ ऑक्टोबरला हरारेत भारताविरुद्ध झिंबाब्वेचा पहिला कसोटी संघ मैदानात उतरला, तेव्हा त्या अकरा जणांत याआधी कसोटी खेळलेला एकच माणूस होता. तीही दुसऱ्या देशाकडून.

दोन कसोटींमध्ये बावीस वर्षं आणि २२२ दिवस. एवढा खंड कुणाच्याच कारकिर्दीत पडलेला नाही.

आणि मग त्याने टाकली पन्नास षटकं. त्यातली सोळा निर्धाव, ८६ धावा, पाच बळी. सचिन त्यात, अझरुद्दीनही त्यात. सचिनचा जन्म १९७३ चा. म्हणजे हा बाप्या पहिल्या तीन कसोटी खेळून घरी बसला, त्यानंतर तीन वर्षांनी सचिन जन्मला, मोठा झाला, जगात नाव काढलं आणि हरारेला येऊन याच्याच हातात झेल देऊन गेला.

मला एकच गोष्ट मनापासून सांगायची आहे. लोक त्या बावीस वर्षांना रिकामी वर्षं म्हणतात. मला ते पटत नाही. पंचेचाळिसाव्या वर्षी कसोटीत पन्नास षटकं टाकणारा हात अचानक तयार होत नाही. ती बावीस वर्षं तो नेमाने गोलंदाजी करत होता. बघायला फक्त कुणी नव्हतं.

तुमच्याकडे आठवणी असतील तर लिहा.

*

मैदानवेडा

सुरेख लिहिलंत. वाचनखूण साठवली.

थोडी भर घालतो. त्या कसोटीत झिंबाब्वेने पहिल्या डावात ४५६ केल्या होत्या. कर्णधार डेव्हिड हॉटनच्या १२१, ग्रँट फ्लॉवरच्या ८२, त्याचा भाऊ अँडी फ्लॉवरच्या ५९. आपल्या देशाच्या पहिल्याच कसोटीत शतक ठोकणारा हॉटन हा १८७७ च्या चार्ल्स बॅनरमननंतरचा पहिला फलंदाज. आणि पहिली कसोटी न हरणारा संघही १८७७ च्या ऑस्ट्रेलियानंतर झिंबाब्वेच. इंग्लंड, दक्षिण आफ्रिका, वेस्ट इंडिज, न्यूझीलंड, आपण, पाकिस्तान, श्रीलंका, सगळे पहिली कसोटी हरलेले.

आपल्यावर फॉलोऑनची, म्हणजे लागोपाठ दुसऱ्यांदा फलंदाजीला उतरावं लागण्याची, टांगती तलवार होती. संजय मांजरेकरने १०४ काढल्या. शतक पूर्ण व्हायला आठ तासांच्या वर वेळ लागला. त्या खेळीवर तेव्हा खूप टीका झाली, अजूनही होते. पण समोरून टिच्चून मारा चालू असताना, सचिन-अझर गेलेले असताना, कुणीतरी खुंटा बळकट करून उभं राहणं गरजेचं होतं. कपिलने ६० केल्या आणि आपण कशाबशा ३०७ गाठल्या. दादरच्या पठडीतली खेळी म्हणतात ती हीच. तिचं मोल कळायचं तर ट्रायकॉसचं पृथक्करण शेजारी ठेवून बघा. षटकामागे दोन धावासुद्धा नाहीत हो!

*

वानखेडे_नॉर्थस्टँड

१९८७ चा भारत-झिंबाब्वे सामना मी वडिलांबरोबर वानखेडेवर बघितला आहे. १७ ऑक्टोबर, रिलायन्स कप, म्हणजे त्या वर्षीचा विश्वचषक. मनोज प्रभाकरने सुरुवातीलाच त्यांची दाणादाण उडवली, चार बळी घेतले, सगळा संघ १३५ मध्ये बाद. आपण आठ गडी राखून जिंकलो. वडिलांनी डब्यात आणलेली थालीपीठं खाऊन व्हायच्या आत सामना संपल्यासारखा झाला होता आणि मी हिरमुसलो होतो.

पलीकडच्या संघाचा कर्णधार चाळीस वर्षांचा आहे, तो सतरा वर्षांपूर्वी पोलॉक आणि रिचर्ड्सबरोबर कसोटी खेळलेला आहे, हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी सामना वेगळ्याच नजरेने बघितला असता. वडील आता नाहीत. हा धागा त्यांना वाचून दाखवायला हवा होता.

त्याच विश्वचषकात हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध हॉटनने १४२ केल्या होत्या. २४३ हवे होते, १०४ वर सात बाद, आणि हरले किती धावांनी? तीन!

*

अनुपमा_नागपूर

ऑफकटर, लेख आवडलाच. पण एक गोष्ट टोचली, ती लिहिते.

"दार बंद झालं" असं वाचलं की वाटतं जणू काही आकाशातून वीज पडली. १९७० च्या त्या संघात फक्त गोरे होते, कारण बाकीच्यांना निवडायचंच नाही असा नियम होता. बेसिल डॉलिव्हेरा केपटाउनचा, पण गोरा नाही म्हणून त्याला स्वतःच्या देशाकडून खेळता आलं नाही. तो १९६० मध्ये इंग्लंडला गेला, तिथून कसोटी खेळला. १९६८ मध्ये ओव्हलवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध १५८ केल्या, तरी आधी त्याला दक्षिण आफ्रिका दौऱ्याच्या संघातून वगळलं. नंतर एका जायबंदी खेळाडूच्या जागी घेतलं, तर तिथल्या पंतप्रधान व्हॉर्स्टर यांनी हा संघ आम्हाला चालणार नाही म्हणून सांगितलं. दौराच रद्द झाला.

बॅरी रिचर्ड्स चारच कसोटी खेळला, ५०८ धावा, याबद्दल सगळं जग हळहळतं. मीही हळहळते. पण ज्यांना चार चेंडूसुद्धा मिळाले नाहीत त्यांची सरासरी कुठे लिहिलेली नाही.

आपल्या देशाची बाजू या बाबतीत स्वच्छ होती याचा मला अभिमान आहे. १९७४ मध्ये डेव्हिस कपची अंतिम फेरी समोर होती, अमृतराज बंधू फॉर्मात होते, प्रतिस्पर्धी दक्षिण आफ्रिका. आपण खेळायला नकार दिला आणि कप सोडून दिला.

*

ऑफकटर

अनुपमाताई, तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. "दार बंद झालं" हे शब्द मी घाईत वापरले. दार जगाने विचारपूर्वक लावलं आणि ते लावायलाच हवं होतं. त्या बंदीने ट्रायकॉसवर अन्याय केला असं मला म्हणायचं नव्हतं. लेखात हे स्पष्ट यायला हवं होतं.

मला तो माणूस भावतो तो वेगळ्या कारणाने. त्या पिढीतले बरेच जण इंग्लंडच्या कौंटी क्रिकेटमध्ये गेले, नाव आणि पैसा मिळवला. झिंबाब्वेतूनही माणसं गेली. ग्रॅम हिक १९८३ च्या विश्वचषकात झिंबाब्वेच्या चमूत होता, सतरा वर्षांचा. नंतर इंग्लंडकडून खेळला. केव्हिन करन कौंटीत गेला (आजच्या सॅम आणि टॉम करनचे वडील). यात चूक काही नाही, ज्याची त्याची पोटाची वाट. पण ट्रायकॉस राहिला. नव्या देशात, नव्या नावाच्या संघात, सहसदस्य देशांच्या स्पर्धांच्या मैदानांवर.

*

फिरकी_सदाशिवपेठ

मी पुण्यात क्लब क्रिकेट खेळलो, अठरा वर्षं ऑफस्पिन टाकली. त्या अनुभवावरून चार गोष्टी.

ऑफस्पिनरचं सगळं भांडवल तर्जनीच्या पहिल्या पेऱ्यात असतं. शिवण तिथे घासते. हंगाम सुरू झाला की आधी कातडं लाल होतं, मग फोड येतो, फुटतो, त्यावर पुन्हा चेंडू टाकायचा, मग तिथे घट्टा पडतो. हा घट्टा म्हणजे आमची कमाई. दोन महिने खेळ बंद ठेवला की तो मऊ पडतो आणि पुन्हा पहिल्यापासून रक्त काढायचं. म्हणून तुमचं ते वाक्य, की ती वर्षं रिकामी नव्हती, मला शब्दशः पटलं. पन्नास षटकं म्हणजे तीनशे चेंडू. मऊ बोटाने तीनशे चेंडू पडत नाहीत.

दुसरं, हरारे समुद्रसपाटीपासून जवळपास दीड हजार मीटर उंचावर आहे. हवा विरळ. अशा ठिकाणी चेंडू हवेत वळत नाही, शेवटी बुडतही नाही, सरळ निघून जातो. मुंबईच्या दमट हवेत जी उंची देऊन फलंदाज फसतो, ती तिथे दिली तर चेंडू थेट झाडात. मग करायचं काय? चेंडू सपाट ठेवायचा, वेगात अगदी थोडा फरक करत राहायचा आणि टप्पा सोडायचा नाही. ट्रायकॉसची गोलंदाजी नेमकी तशी होती. चेंडू फार वळवणारा म्हणून त्याचं नाव कधीच नव्हतं. फलंदाजाला श्वास घेऊ द्यायचा नाही, इतकंच.

आणि क्षेत्ररक्षण! गलीत, म्हणजे स्लिपच्या शेजारच्या जागेवर, तो जबरदस्त होता, तरुणपणीही आणि नंतरही. स्वतःच्या गोलंदाजीवर झेल घेणं हे पंचेचाळिसाव्या वर्षी किती अवघड असतं ते आमच्यासारख्यांना विचारा. चेंडू सुटल्यावर अंग पुढे झुकलेलं असतं, डोकं खाली गेलेलं असतं, डावा पाय टेकलेला असतो आणि चेंडू परत येतो. मला पस्तिशीतच ते जमेनासं झालं.

*

सव्यसाची

१९८३ चा टनब्रिज वेल्सचा सामना कुणीच काढला नाही अजून? १८ जून. १७ वर पाच बाद. सुनील गावसकर शून्य, श्रीकांत शून्य, संदीप पाटील एक. मग कपिलच्या नाबाद १७५.

त्या डावात रॉजर बिन्नी कपिलबरोबर टिकला होता, दोघांनी साठ धावा जोडल्या. बिन्नीला २२ वर पायचीत केलं ते ट्रायकॉसनेच. म्हणजे भारतीय क्रिकेटमधल्या सगळ्यात प्रसिद्ध एकदिवसीय डावातही हा माणूस हजर आहे आणि आपल्यापैकी किती जणांना ते ठाऊक होतं? मला तरी आज धावफलक काढून बघेपर्यंत नव्हतं.

शिवाय ९ जूनला ट्रेंट ब्रिजवर झिंबाब्वेने पहिल्याच सामन्यात ऑस्ट्रेलियाला तेरा धावांनी हरवलं, तिथेही तो होता. डंकन फ्लेचरच्या नाबाद ६९ आणि चार बळी. (हो, पुढे आपले प्रशिक्षक झालेले तेच फ्लेचर.) आणि १९९२ ला ऑल्बरीत इंग्लंडला १३५ करायच्या होत्या, १२५ वर बाद झाले. एडो ब्रँडिसचे चार बळी लक्षात राहतात. ट्रायकॉसची दहा षटकं बघा: चार निर्धाव, सोळा धावा, बळी एकही नाही. सामना तिथेही जिंकला गेला.

*

जकारांडा

कामानिमित्त दोन वर्षं हरारेत होतो, म्हणून हे नाव घेतलंय. ऑक्टोबरात रस्त्यांवर दोन्ही बाजूंनी जकारांडा फुललेला असतो, खाली जांभळा सडा पडलेला. आपल्या पारिजातकाचा पहाटे असतो तसा, पण रस्ताभर आणि दिवसभर. हरारे स्पोर्ट्स क्लबचं मैदान अगदी शहरात, पण झाडांनी वेढलेलं, आटोपशीर. कॉलेजच्या मैदानावर बसून सामना बघतोय असं वाटतं. ती पहिली कसोटी याच मैदानावर, याच महिन्यात झाली.

तिथे मी जुन्या मंडळींना ट्रायकॉसबद्दल विचारलं होतं. एका गुजराती दुकानदारकाकांनी सांगितलं, "तो? शिस्तीचा माणूस." बाकी काही बोलले नाहीत, पण हे म्हणताना दुकानातल्या खुर्चीत ताठ बसले.

नंतर तो ऑस्ट्रेलियात पर्थला स्थायिक झाला.

*

अनुपमा_नागपूर

ऑफकटर, तुमच्या उत्तराबद्दल मनापासून आभार. त्यावरून एक आठवलं, आणि ते या धाग्यातच असायला हवं.

हरारेहून आपला संघ थेट दक्षिण आफ्रिकेला गेला. तिथल्या पहिल्या कसोटीचं मैदान होतं डरबनचं किंग्समीड. म्हणजे ट्रायकॉसने फेब्रुवारी १९७० मध्ये पदार्पण केलं तेच. नोव्हेंबर १९९२. आपल्या प्रवीण आमरेने पदार्पणात १०३ केल्या, आचरेकर सरांचा आणखी एक शिष्य. याच कसोटीत सचिन टीव्ही पंचाने धावबाद ठरवलेला पहिला फलंदाज झाला. महिन्याभरात बिचाऱ्यावर हे दुसरं.

पण मला सांगायचंय ते वेगळं. त्या कसोटीत दक्षिण आफ्रिकेकडून ओमर हेन्री खेळला. स्टेलेनबॉशचा, डावखुरा फिरकी गोलंदाज, गोरा नसलेला. पुनरागमनानंतरच्या कसोटी संघात येणारा पहिला बिगरगोरा खेळाडू. पदार्पणाच्या दिवशी वय चाळीस पूर्ण. मधल्या काळात तो स्कॉटलंडकडूनही खेळून आलेला. त्याला मिळाल्या तीन कसोटी, तीन बळी.

ट्रायकॉसलाही दक्षिण आफ्रिकेकडून तीनच कसोटी मिळाल्या होत्या. एकाला बाविसाव्या वर्षी, दुसऱ्याला चाळिसाव्या. दोघांची नावं एकाच धाग्यात यावीत असं वाटलं.

*

मैदानवेडा

अनुपमाताई, हे माहीतच नव्हतं. ओमर हेन्रीवर स्वतंत्र धागा काढा, विनंती.

ग्रीक घराण्याचा विषय निघालाच आहे तर: दक्षिण आफ्रिकेकडून खेळलेला झेनोफॉन बालास्कस हाही ग्रीक आईबापांचा. लेगस्पिनर. १९३५ ला लॉर्ड्सवर सामन्यात नऊ बळी घेतले आणि दक्षिण आफ्रिकेने इंग्लंडमध्ये पहिल्यांदा कसोटी जिंकली. ग्रीसचं क्रिकेटशी नातं एरवी फारसं नाही, पण फिरकी मात्र दिली त्यांनी.

*

नवा_गडी

शेवटची कसोटी कुठली खेळला हा ट्रायकॉस?

*

ऑफकटर

दिल्ली, मार्च १९९३, पुन्हा भारताविरुद्धच. विनोद कांबळीच्या २२७. आधी वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध २२४ आणि लगेच पुढच्या कसोटीत हे. आपण एक डाव राखून जिंकलो. डावखुरा कांबळी पुढे सरसावून फिरकीला मारत होता तेव्हा गोलंदाजांत ट्रायकॉसही होता, पंचेचाळीस वर्षं आणि दहा महिन्यांचा. कांबळीचा जन्म १९७२ चा. एकूण सात कसोटी, अठरा बळी. चार दक्षिण आफ्रिकेकडून, चौदा झिंबाब्वेकडून. म्हणजे यातले बहुतेक सगळे बळी त्याने वयाची पंचेचाळिशी उलटल्यावर, पाच महिन्यांत घेतले.

फिरकी, तुमचा बोटाचा प्रतिसाद मी काल रात्री फोनवर दादाला वाचून दाखवला. वही अजून आहे म्हणाला. गावच्या घरी, माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत. आज सकाळी पुतण्याला वर चढवून काढवली आणि त्या पानाचा फोटो पाठवला. खळीचे पिवळे डाग पडलेत, कात्रणाचा एक कोपरा झुरळांनी खाल्लाय. पण ओळ वाचता येते. ट्रायकॉस ५०-१६-८६-५. खाली दादाने पेन्सिलीने रेघ मारली आहे आणि समासात लिहिलंय, "वय विचारणे."